यंत्र एकदा येते, रुग्ण रोज येतो

आदिवासी भागातल्या कोणत्याही सेवाभावी रुग्णालयात गेले की भिंतींवर आणि यंत्रांवर पाट्या दिसतात. ‘अमुक फाउंडेशनच्या सौजन्याने’, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, ‘अमुक कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून’. एक्स-रे यंत्रावर एक पाटी, रुग्णवाहिकेवर दुसरी, बाळंतिणींच्या खोलीवर तिसरी. या पाट्या वाचल्या की मनात एक सरळ प्रश्न येतो. एवढ्या मोठ्या संस्था मदत करत असताना रुग्णालये पुन्हा आपल्यासारख्या साध्या माणसांकडे का वळतात? आपल्या दोनशे-पाचशे रुपयांनी तिथे काय फरक पडणार?

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नुसत्या भावनेने देऊन चालणार नाही. त्यासाठी हा पैसा कसा येतो, कोणत्या अटींवर येतो आणि कुठे येऊन थांबतो, हे समजून घ्यावे लागते.

पैसा येतो कुठून?

‘फाउंडेशन’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात त्यात चार वेगवेगळे प्रकार येतात.

पहिला प्रकार म्हणजे कायम निधीवर चालणारा न्यास. एखाद्या व्यक्तीने किंवा कुटुंबाने मोठी रक्कम किंवा कंपनीचे समभाग बाजूला काढून ठेवलेले असतात. मूळ निधीला हात लावायचा नाही, त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी अनुदाने द्यायची, अशी ही व्यवस्था असते. सर दोराबजी टाटा ट्रस्ट हे त्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण.

दुसरा प्रकार कंपन्यांचा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी निकष पूर्ण झाला तरी कंपनी या नियमात येते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. आरोग्यसेवा हे तिच्या मान्य विषयांपैकी एक आहे.

तिसरा प्रकार परदेशी संस्थांचा. तो पैसा परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशातून निधी घेऊन तो खेड्यापाड्यांतल्या लहान दवाखान्यांना वाटून देत असे. ती वाट आता बंद झाली आहे.

चौथा प्रकार आपला, म्हणजे मंडळ्या, महिला मंडळे, मित्रमंडळे आणि घरोघरच्या देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांचा. यांच्याकडे मोठा कायम निधी नसतो. महिन्याला येईल तेवढे महिन्याला खर्च होते.

या चारही प्रकारांचा स्वभाव वेगळा आहे. कोण काय देऊ शकतो आणि काय देत नाही, ते या स्वभावावर ठरते.

परळ आणि वेल्लोर

मोठ्या दानातून रुग्णालय कसे उभे राहते, हे पाहायचे तर मुंबईत परळला जावे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. जे उपचार त्यांना तिकडे मिळाले, तशी सोय आपल्या देशात असावी, असे त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात होते. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे काम हाती घेतले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. ट्रस्टने इमारत उभी केली, काम चालू करून दाखवले आणि दरवर्षीचा न संपणारा खर्च उचलायला शेवटी सरकारच यावे लागले. एवढा मोठा न्यास पाठीशी असलेल्या रुग्णालयाची ही गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण मंडळ्यांच्या अधिक जवळचे आहे. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली वेल्लोरला वडिलांच्या बंगल्यातील एका खोलीत रुग्ण तपासायला सुरुवात केली. भारतात येण्याआधीच न्यूयॉर्कमधील शेल नावाच्या एका बँकरने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ त्यांना दहा हजार डॉलर दिले होते. त्यातून १९०२ मध्ये मेरी टेबर शेल रुग्णालय उभे राहिले. पुढे १९१८ मध्ये तिथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू झाले आणि खर्च कितीतरी वाढला.

तेव्हा अमेरिकेतील लॉरा स्पेलमन रॉकफेलर मेमोरियल या प्रतिष्ठानाने वेल्लोरसह आशियातील सात ख्रिस्ती महिला महाविद्यालयांसाठी एक अट घातली. मंडळ्यांतील स्त्रियांनी वीस लाख डॉलर जमवले, तर प्रतिष्ठान दहा लाख देईल. ल्युसी पीबडी यांच्या पुढाकाराने चर्चमधल्या स्त्रियांनी घरोघरी, सभासभांतून वर्गणी गोळा केली आणि १९२३ पर्यंत ती रक्कम पूर्ण झाली. मोठ्या प्रतिष्ठानाचे दहा लाख हे लहान देणग्यांच्या वीस लाखांवर अवलंबून होते, त्या नसत्या तर तेही आले नसते.

अशा अनुदानाला आज ‘मॅचिंग ग्रँट’ म्हणतात आणि आजही अनेक फाउंडेशन ते वापरतात. प्रस्ताव वाचणारा अधिकारी आधी विचारतो, “तुमच्या स्वतःच्या लोकांनी यात किती घातले?” स्थानिक लोकांनी, मंडळीने, रुग्णांच्या नातलगांनी थोडेफार दिलेले दिसले की त्याला खात्री वाटते की या कामामागे माणसे उभी आहेत.

अर्जापासून उद्‌घाटनापर्यंत

एखाद्या रुग्णालयाला सोनोग्राफी यंत्र हवे आहे असे धरू. फाउंडेशनला नुसते विनंतीपत्र पाठवून भागत नाही. आधी गरज आकड्यांत मांडावी लागते. वर्षभरात किती गरोदर स्त्रिया तपासणीला आल्या, त्यांतल्या कितीजणींना तालुक्याला किंवा जिल्ह्याला पाठवावे लागले आणि पाठवलेल्यांपैकी किती प्रत्यक्षात पोहोचल्या? हा शेवटचा आकडा ज्यांच्याकडे असतो, त्यांचा प्रस्ताव बहुधा वजनदार ठरतो.

मग यंत्राचा नेमका तपशील, दोन-तीन विक्रेत्यांची दरपत्रके, खोली आणि वीजपुरवठ्याची माहिती, यंत्र कोण चालवणार त्याचे शिक्षण, संस्थेची नोंदणी, प्राप्तिकराची प्रमाणपत्रे आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडायचे. कंपनीकडून निधी हवा असेल तर संस्थेची केंद्र सरकारकडे त्यासाठीची वेगळी नोंदणीही लागते. फाउंडेशनचा माणूस येऊन पाहणी करतो. मंजुरी मिळाली की करार होतो, हप्त्याने पैसे येतात, खरेदी होते आणि सनदी लेखापालाचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे लागते. त्यानंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने अहवाल. या सगळ्यात कित्येक महिने जातात.

हे कागद कुणाला जाचक वाटतील, पण ते आवश्यक आहेत. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा आपल्या हाती येतो, तेव्हा पै-पैचा हिशेब देणे हा त्या दानाचा मान राखण्याचाच भाग आहे.

सोनोग्राफीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे आणि ती देणगीदारांना अनेकदा माहीत नसते. गर्भलिंग निदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्यानुसार, नोंदणी नसलेल्या ठिकाणी असे यंत्र विकताही येत नाही आणि भेटही देता येत नाही. आधी केंद्राची नोंदणी, मग यंत्र. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीची नोंद विहित नमुन्यात ठेवावी लागते. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, किरण बाहेर जाणार नाहीत अशा जाड भिंतींची खोली लागते, शिशाचे ॲप्रन लागतात आणि काम करणाऱ्याच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला हे मोजणारा बिल्ला लागतो. म्हणून कोणी उत्साहाने जुने यंत्र टेम्पोत घालून रुग्णालयाच्या दारात आणून ठेवले, तर ती मदत ठरेलच असे नाही.

किमतीत न दिसणारा खर्च

इथे आपण मूळ प्रश्नाच्या जवळ येतो. मोठी फाउंडेशन आणि विशेषतः कंपन्या यंत्रासाठी पैसे सहज देतात. त्याला कारण आहे. यंत्राची किंमत ठरलेली असते, ते एका आर्थिक वर्षात घेता येते, त्याचे छायाचित्र काढता येते आणि ते आले की प्रकल्प पूर्ण झाला असे म्हणता येते. परिचारिकेचा पगार असा कधीच ‘पूर्ण’ होत नाही. तो पुढच्या महिन्यात पुन्हा द्यावा लागतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, दहा लाख रुपयांचे यंत्र फाउंडेशनने दिले आणि ते सात वर्षे चालणार आहे. पहिली दोन वर्षे वॉरंटी. उरलेल्या पाच वर्षांच्या देखभाल कराराला किमतीच्या पाच टक्के धरले, तर वर्षाला ५० हजार, म्हणजे अडीच लाख झाले. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाला महिना १५ हजार दिले, तर सात वर्षांचे १२ लाख ६० हजार. एकूण १५ लाख १० हजार रुपये. यात वीज, तपासणीची रसायने, कागद, जेल आणि सुटे भाग अजून धरलेलेच नाहीत. दहा लाखांच्या भेटीने रुग्णालयावर पंधरा लाखांहून अधिक खर्चाची जबाबदारी आणली. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण कोणत्याही रुग्णालयाच्या हिशेबनिसाला विचारा, चित्र असेच असते.

ही जबाबदारी कोणी उचलली नाही तर काय होते, त्याचाही अभ्यास झालेला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गरीब आणि विकसनशील अशा १६ देशांतील १ लाख १२ हजारांहून अधिक वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतली सुमारे ३८ टक्के उपकरणे बंद पडलेली होती. प्रशिक्षित माणसांचा अभाव, उपकरणांच्या व्यवस्थापनाचा अभाव आणि वीज-पाण्यासारख्या मूलभूत सोयींचा अभाव, ही त्यामागची कारणे होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही उपकरणे दान देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. घेणाऱ्याने मागितलेलेच द्यावे, तिथल्या विजेवर आणि हवामानात चालेल असेच द्यावे आणि सुटे भाग, माहितीपुस्तिका व प्रशिक्षण यांसह द्यावे, असा त्यांचा सारांश आहे.

आपल्या डोंगरी भागात या गोष्टी रोजच्या आहेत. विजेचा दाब वरखाली होतो आणि सर्किट जळते. पावसाळ्यात चार महिने ओल असते, भिंगांवर बुरशी चढते. बिघाड झाला तर कंपनीचा तंत्रज्ञ शहरातून यायचा, त्याच्या येण्याजाण्याचे पैसे वेगळे. रक्ततपासणीची कितीतरी यंत्रे अशी असतात की त्यांना त्याच कंपनीची रसायने लागतात. यंत्र फुकट आले तरी रसायन दर महिन्याला विकतच घ्यावे लागते. ते संपले की यंत्रावर चादर टाकली जाते आणि रुग्णाला पुन्हा जिल्ह्याची वाट दाखवली जाते.

एका कॅप्सूलचा हिशेब

सिकलसेलच्या आजाराकडे पाहिले की हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत अनेक आदिवासी समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, छातीत, पाठीत असह्य वेदना होतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे.

प्राथमिक तपासणी साधी आणि स्वस्त आहे. रक्ताचा थेंब द्रावणात टाकून ते गढूळ होते का, एवढेच पाहायचे असते. पण त्यातून माणूस केवळ वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते आणि तिचे यंत्र महाग असते. इथे फाउंडेशनची मदत खरोखर मोलाची ठरते. ते यंत्र जवळ असेल तर निदान वेळेत होते, आणि लग्नाआधी तरुण-तरुणींना समजावून सांगता येते.

पण निदान झाले आणि मूल रुग्ण निघाले, तर पुढे काय? त्याला हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल रोज घ्यावी लागते, बहुधा आयुष्यभर. तिने वेदनांचे झटके कमी होतात. मात्र तिने पांढऱ्या पेशीही कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. सरकारी केंद्रातून औषध मोफत मिळण्याची सोय आहे, पण साठा संपलेला असेल त्या महिन्यात ते विकत आणावे लागते. तपासणीला येण्यासाठी आईची एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय जीपचे भाडे. झटका आला तर रात्रीतून रुग्णालय गाठावे लागते.

लाखोंच्या यंत्राने त्या मुलाच्या आजाराचे नाव सांगितले. त्याला शाळेत बसता येईल की नाही, हे मात्र त्या रोजच्या कॅप्सूलवर आणि महिन्याच्या जीपभाड्यावर ठरते. यंत्राचा प्रस्ताव फाउंडेशनला पाठवता येतो. पण ‘एका मुलाचे जीपभाडे, पुढची वीस वर्षे’ या नावाचा प्रस्ताव मंजूर करणारे फाउंडेशन मिळणे कठीण असते. ही जागा लहान, नियमित देणग्याच भरतात.

रुग्णालयाच्या दाराबाहेर

रुग्णसेवा म्हणजे केवळ औषध नव्हे, हे आपल्याकडच्या सेवाभावी माणसांनी फार पूर्वी ओळखले. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारांसाठी गावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेल्या लहान मुलांची आणि त्यांच्या पालकांची विनामूल्य राहण्याची सोय करते. कारण उपचार फुकट असले तरी मुंबईत महिनोन्‌महिने राहायचे कुठे, या प्रश्नापुढे हरून आईबाप मुलाला घेऊन गावी परततात आणि औषध अर्धवट राहते. इथे राहायला एक खोली मिळणे हासुद्धा उपचारच.

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात हेच बारकाईने आले आहे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस घातला, आपल्या जनावरावर त्याला बसवून उतारशाळेत नेले, रखवालदाराला पैसे दिले. आणि आणखी खर्च झाला तर परत येताना तोही भरीन, असे सांगून गेला. पहिली मदत करून तो मोकळा झाला नाही.

सरकारी योजनांचीही इथे माहिती हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांतून ठरलेल्या आजारांवर, यादीतील रुग्णालयांत दाखल झाल्यावर उपचार मिळतात. त्यांचा आधार मोठा आहे. पण दाखल न होता घ्यायचे रोजचे औषध, प्रवास, सोबत्याचे जेवण यांसारख्या गोष्टी बहुतांशी बाहेरच राहतात. आणि ज्याच्याकडे रेशनकार्ड किंवा ओळखपत्र नाही, तो योजनेच्या दारातच अडतो.

महाराष्ट्रातील आणखी एक तरतूद प्रत्येक मंडळीला माहीत असायला हवी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या, २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार, राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात ठेवते. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम न मागता त्याला दाखल करून आवश्यक उपचार द्यावे लागतात. शहरातली कितीतरी नामांकित रुग्णालये धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. गावाकडून पाठवलेला रुग्ण तिथे पोहोचला, तर रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्यावे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, ती धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारून घ्यावी. देणगी देण्याइतकीच ही माहिती एखाद्या कुटुंबापर्यंत पोहोचवणे हीसुद्धा मोठी मदत आहे.

लहान साधनांचे मोठे काम

म्हणजे फाउंडेशनांनी फक्त मोठी यंत्रेच दिली असे मुळीच नाही. भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झोपडीत आणि झाडाखाली रुग्ण तपासले. स्विसएड या संस्थेच्या मदतीने तिथे लहानसे रुग्णालय उभे राहिले. त्या मदतीच्या आधी माडिया लोकांचा विश्वास आला होता, आणि तो माणसांनी तिथे राहून मिळवला होता.

गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केले. गावातल्याच शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजण्याचे साधन, बाळाला ऊब देणारी झोळी आणि गरजेची औषधे होती. फोर्ड फाउंडेशन आणि मॅकआर्थर फाउंडेशन यांनी या कामाला आर्थिक साहाय्य केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांत नवजात बाळांचा मृत्युदर हजारी २५.५ वर आला होता, तर अशी सेवा नसलेल्या शेजारच्या गावांत तो ५९.६ होता. घट सुमारे ६२ टक्के. पुढे या पद्धतीचा आधार घेऊन देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

इथे फाउंडेशनचा पैसा माणसांच्या शिक्षणावर, त्यांच्या मानधनावर आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवण्यावर खर्च झाला. म्हणजे समजूतदार फाउंडेशन असा खर्चही उचलतात. मागणाऱ्याने तो धीटपणे मागायला हवा आणि त्याची उपयुक्तता आकड्यांनी दाखवायला हवी.

देताना काय विचारावे

आपल्या मंडळीने, महिला मंडळाने किंवा एखाद्या कुटुंबाने रुग्णालयाला काही द्यायचे ठरवले, तर पुढील प्रश्न जरूर विचारावेत. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट बरे वाटते.

१. ही वस्तू रुग्णालयाने मागितली आहे की आपल्याला द्यावीशी वाटते आहे?

२. ती चालवणारा माणूस आज तिथे आहे का? नसेल तर त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च आपण त्यात धरू शकतो का?

३. वॉरंटी संपल्यावर देखभाल कराराचे पैसे कोण भरणार? यंत्राच्या देणगीबरोबरच त्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवता येईल का?

४. परवाना किंवा नोंदणी लागणारी वस्तू असेल तर ती प्रक्रिया पूर्ण झाली आहे का?

५. हे यंत्र आल्यावर गरीब रुग्णाला तपासणीचे किती पैसे पडतील? जे भरू शकत नाहीत, त्यांच्यासाठी रुग्ण निधी आहे का?

६. वर्षाअखेरीस हिशेब आणि किती रुग्णांना लाभ झाला याची माहिती मिळेल का?

आणि मोठी रक्कम शक्य नसेल, तर जमेल ती लहान रक्कम दर महिन्याला, न चुकता, ‘रुग्ण निधी’ असे स्पष्ट लिहून द्यावी. शक्यतो बँकेतून किंवा धनादेशाने द्यावी आणि पावती घ्यावी. वर्षातून एकदा येणाऱ्या पाच हजारांपेक्षा दर महिन्याला येणारे चारशे रुपये रुग्णालयाच्या अनेकदा अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर कोणाला तरी पुढच्या महिन्याची तारीख देता येते. डॉक्टर जेव्हा सिकलसेलच्या मुलाच्या आईला सांगतात, “पुढच्या मंगळवारी या, भाड्याची काळजी करू नका,” तेव्हा त्या शब्दामागे अशाच कुणाच्या तरी नियमित देणगीची पावती असते.

फाउंडेशनच्या नावाची पाटी भिंतीवर लागते आणि ती लागायलाच हवी. त्यांच्या दानाविना आदिवासी भागातली कितीतरी रुग्णालये उभीच राहिली नसती. रुग्ण निधीला पाटी नसते, हिशेबाच्या वहीत फक्त एक ओळ असते. पुढच्या वेळी आपण एखाद्या रुग्णालयाला भेट द्याल, तेव्हा नवे यंत्र आनंदाने पाहा. आणि तिथल्या व्यवस्थापकांना हळूच विचारा, की या महिन्यात रुग्ण निधीत किती शिल्लक आहे.